बोळक्या तोंडांचा उन्हाळा

कॉलेजच्या फाटकाशी बोळक्या तोंडाची माणसं दिसायला लागली की समजावं, दातांच्या डॉक्टरांची परीक्षा आली. परवा सकाळी माझ्या दवाखान्याकडे जाताना पाहिलं, फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली चार-पाच म्हातारी माणसं बसली होती. निंबाचा बारीक मोहोर रस्ताभर सांडलेला, त्यावरून रिक्षा जात होत्या. एक विद्यार्थिनी आपल्या म्हातारीच्या डोक्यावर छत्री धरून उभी होती. दुसरा एकजण आपल्या आजोबांना उसाचा रस पाजत होता आणि "बर्फ नको, बर्फ नको" असं रसवाल्याला ओरडून सांगत होता. दोघांच्याही चेहऱ्यावर माया होती आणि ती मला ओळखीची वाटली. तिच्यात खोटं काही नसतं. फक्त परीक्षेच्या दिवसापर्यंत हे माणूस धडधाकट, खूश आणि याच शहरात राहायला हवं, एवढी तिची मुदत असते.

मी गाडी थांबवली नाही. पण पुढचे काही दिवस माझा स्वतःचा तो उन्हाळा डोक्यात येत-जात राहिला, म्हणून लिहून काढते आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी एवढं सांगायला हवं. दातांच्या डॉक्टरला शेवटच्या वर्षी कवळीची परीक्षा द्यावी लागते. तोंडात एकही दात नसलेलं माणूस खुर्चीत बसवायचं, त्याचे दोन्ही जबडे एकमेकांशी कसे मिटतात ते मेणाच्या ठोकळ्यांवर पकडायचं आणि त्यानुसार मेणात दात लावून दाखवायचे. हे माणूस विद्यार्थ्यानं स्वतः शोधून आणायचं. ते आलं नाही तर परीक्षा नाही. पुस्तकं पाठ असून उपयोग नसतो.

त्यामुळे तो सगळा हिवाळा आम्ही लोकांच्या तोंडाकडे बघत हिंडलो. एस.टी.त, शहागंजच्या बाजारात, कुणाच्या लग्नात. समोरचा हसला की आम्हाला त्याचा आनंद दिसायचाच नाही, हिरडी दिसायची. हिरडीचा उंचवटा चांगला असेल तर कवळी घट्ट बसते. माझी वर्गातली जोडीदारीण नसरीन याबाबतीत फार निर्लज्ज होती. सिटी चौकात एका पेरूवाल्याकडे बघून ती माझा हात दाबून म्हणाली होती, "अगे, वो चाचा को देख. क्या हिरडी है! जा, पूछ, आते क्या."

मी विचारलं नाही. चाचांनी पेरू तोलता तोलता आमच्याकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं.

नसरीनला खरं तर हिंडायची गरज नव्हती. तिची नानी घरातच होती आणि नानीच्या तोंडात औषधालासुद्धा दात नव्हता. ज्याच्या घरी बोळक्या तोंडाचं माणूस तो आमच्या वर्गात श्रीमंत. माझे आजी-आजोबा मी शाळेत असतानाच गेलेले, आणि गेले तेव्हा दोघांचेही दात शाबूत होते. याचा मला त्या वर्षी रागच आला होता.

तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. उन्हाळा मात्र तोच. आम्ही मेणाच्या खोलीत बसायचो. गुलाबी मेण स्पिरिटच्या दिव्यावर पातळ करायचं आणि त्यात एकेक दात रोवायचा. ज्योत हलू नये म्हणून पंखे बंद ठेवावे लागत. एप्रिल-मे महिन्यात, पत्र्याच्या छपराखाली, पंखे बंद. नीट लावलेला दात जेवून येईपर्यंत तिरपा झालेला असे. घाम कोपरावरून टेबलावर ठिबकायचा. माप घ्यायच्या लेपात लवंगेचं तेल असतं, त्याचा वास कपड्यांना, केसांना, मेसच्या वरणालाही यायचा. अजूनही पुलावातली लवंग दाताखाली आली की मला पानावर बसल्या बसल्या घाम फुटतो.

माझी अडचण अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कळली ती मी संक्रांतीला गावी गेले तेव्हा. आमचं गाव फुलंब्रीजवळ, घरची शेती. दर वर्षी सुगी आटोपली की आमच्या मोकळ्या रानात म्हाळूबाची मेंढरं बसायची. रानाला खत मिळायचं, मेंढरांना चारा आणि विहिरीचं पाणी मिळायचं, म्हाळूबाला दाणे मिळायचे. मी लहान असल्यापासून हे चालत आलेलं होतं. म्हाळूबाला मी दर वर्षी बघत होते, पण त्याच्या तोंडात दात नाहीत हे मला अण्णांनी सांगितल्यावर लक्षात आलं.

आम्ही रानात गेलो तेव्हा तो मेंढरांभोवती जाळी ठोकत होता. त्याची बायको ठकाबाई एका कोकराला मांडीत धरून त्याच्या पायातला काटा काढत होती.

"म्हाळूबा, पोरीच्या परीक्षेला तुझं तोंड पाहिजे," अण्णा म्हणाले.

"तोंड?" तो हसला. "न्या की. खायच्या कामाचं तर ऱ्हायलं नाय ते."

"दात बसवायचेत तुला. वरचे, खालचे, समदे."

"आता कशाला दात? म्या काय नवरदेव व्हायचोय?"

"व्हय म्हना की," ठकाबाई मान वर न करता म्हणाली. "फुकट मिळू राहिलेत तर." मग तिनं काटा काढला, कोकरू सोडून दिलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "पन माय, एक सांग. परीक्षा झाल्यावर दात ह्यांच्यापाशीच ऱ्हातीन, का तुमचे साहेब काढून घेतीन?"

"त्यांचेच राहतील, मावशी. मी स्वतः आणून देईन."

बाजारात मेंढरू घेताना बघावं तसं तिनं माझ्याकडे पाहिलं. 

म्हाळूबाला 'नाही' म्हणायची सोय होती का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मेंढरं आमच्या रानात, पाणी आमच्या विहिरीचं. आज पडतो. त्याचं उत्तर मला ठाऊक नाही, आणि त्याला विचारलं असतं तर त्यानं ते हसण्यावारी नेलं असतं, एवढं मात्र ठाऊक आहे.

तो यायला लागला. सकाळच्या एस.टी.नं यायचा, फाटकाबाहेरच्या नळावर पाय धुवायचा, पागोटं नीट करायचा आणि आत यायचा. काठी बाहेर ठेवायला सांगितली तर ऐकायचा नाही. खुर्चीत पाठ टेकून, काठी दोन गुडघ्यांत उभी धरून बसायचा. त्याच्या अंगाला लोकरीचा आणि धुराचा वास यायचा. शेजारच्या खुर्च्यांवरचे लोक सुरुवातीला नाक मुरडायचे, मग त्यालाच वेळ विचारायचे, कारण तो खिडकीतल्या उन्हाकडे बघून सांगायचा आणि त्यात सगळ्यांची करमणूक व्हायची. पुष्कळदा चुकायचाही.

पहिल्या मापासाठी मी तपकिरी लगदा गरम पाण्यातून काढला, तर तो म्हणाला, "गूळ हाये का काय हे?" तोंडात गेल्यावर त्याचं मत बदललं. लवंगेचा लेप लावला तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं, पण त्यानं मान हलवली नाही. जनावर धरून ठेवायची सवय असलेली माणसं स्वतःलाही धरून ठेवू शकतात, असं मला तेव्हा वाटलं होतं. दोन आठवड्यांत ते मत मागे घ्यावं लागलं.

कारण त्याचा जबडा.

दात गेल्यावर माणूस हिरड्यांनी खायला शिकतो. वर्षानुवर्षं तसं खाल्लं की खालचा जबडा पुढे येऊन मिटायला लागतो. म्हाताऱ्या माणसांची हनुवटी नाकाकडे गेलेली दिसते ती त्यामुळे. कवळीला ही पुढची जागा चालत नाही. जबडा मागे, त्याच्या मूळच्या जागी मिटला पाहिजे, आणि दर वेळी तिथेच मिटला पाहिजे. नाहीतर दात एकमेकांवर बसत नाहीत. परीक्षा असते ती या जागेची.

"बाबा, जबडा सैल सोडा," मी म्हणायची.

"सोडला."

"सोडला नाही. पुढे येतोय."

"मंग त्याला म्या काय करू? तो त्याच्या मनानं येतो."

जिभेचं टोक टाळूला मागे लावा, मग जबडा आपोआप मागे जातो, असं पुस्तकात होतं. मी वरच्या मेणाला मागच्या बाजूला मेणाची गोळी चिकटवली आणि जिभेनं ती शोधायला सांगितलं. त्यानं गोळी शोधली, चाटली, एकदा तर सोडवून गिळली, आणि जबडा पुढेच मिटला. मी हनुवटीला अंगठा लावून मागे ढकलायला गेले की तो रेड्यासारखा आणखी पुढे रेटायचा. मुद्दाम करत नव्हता. ढकललं की रेटायचं, हे त्याच्या अंगात होतं.

आमच्या विभागातल्या मॅडम दोन-तीनदा बघून गेल्या. एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पेशंट बदल. याच्यावर नापास होशील. औरंगपुऱ्यातले एक निवृत्त गुरुजी आहेत, मी सांगते त्यांना. शांत माणूस आहे, सांगितलं तसं करतात."

मी गुरुजींना बघून आले. खरोखर शांत होते. हिरडी सुरेख. 'मिटा' म्हटलं की मिटायचे, तेही प्रत्येक वेळी एकाच जागी. मी एक रात्र विचार केला आणि मॅडमना नाही म्हणाले. त्यामागे फार मोठं तत्त्व होतं असं नाही. म्हाळूबाचे साचे तयार होते, आणि ठकाबाईला मी शब्द देऊन बसले होते. पेशंट बदलला असता तर तिकडे जाऊन तिला ते सांगण्याची माझी हिंमत नव्हती. मॅडम म्हणाल्या, "तुझी मर्जी." त्यानंतर त्या माझ्या खुर्चीजवळ थांबायच्या नाहीत.

आणि परीक्षा पुढे ढकलली गेली.

काही कारण असेल, त्या वर्षांत परीक्षा ढकलल्या जायच्याच. नसरीन म्हणाली, "अच्छा हुआ, मेरी नानी कू सर्दी थी." माझी मात्र पंचाईत झाली. उन्हाळा वाढला की चारा संपतो आणि मेंढरं पाण्याच्या दिशेनं सरकतात. म्हाळूबा आमच्या रानातून कधीच गेला होता.

मी आणि अण्णा राजदूत मोटारसायकलवर त्याला शोधायला निघालो. शहर मागे टाकून पैठणच्या अंगानं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी नुसती ढेकळं आणि वर पांढरं आभाळ. प्रत्येक हॉटेलाशी अण्णा गाडी थांबवायचे आणि विचारायचे, "मेंढरं गेली का इकून?" कुणी म्हणायचा काल गेली, कुणी म्हणायचा परवा. एकानं सांगितलं, "मेंढरं तर रोजच जातेत, तुमची कोनती?" हे अण्णांना सांगता येईना. मेंढरांची खूण त्यांना ठाऊक नव्हती. एवढी वर्षं रानात बसलेली मेंढरं.

दुपार कलता कलता गोदावरीच्या काठाला सापडला. नदीत पाण्याच्या दोन-चार धारा, बाकी वाळू. कळपात आजार शिरला होता. काही मेंढरं बाजूला बांधलेली, त्यांच्या नाकातून पाणी येत होतं. म्हाळूबा एकाचं तोंड उघडून त्यात काढा ओतत होता. मला बघून त्यानं मान हलवली, पण हातातलं सोडलं नाही.

अण्णांनी परीक्षेचा नवा दिवस सांगितला. म्हाळूबानं उरलेला काढा मेंढराच्या तोंडात ओतला.

"आजारी हायेत वो," तो शेवटी म्हणाला.

 माझी परीक्षा, मागच्या वर्षांचा अभ्यास, मॅडमना दिलेला नकार, हे सगळं त्या वाळूत उभं राहून कसं सांगायचं?  मी गुरुजींचा विचार करायला लागले. ते अजून कुणाला मिळाले नसतील तर.

ठकाबाई पाण्याची घागर घेऊन आली. तिनं सगळं ऐकलेलं होतं.

"जा तुमी. मेंढरं म्या बघते."

"एकटीला झेपन का तुला?"

"मंग इतके दिवस कोन बघत व्हतं? तुमी तर दातं करत हिंडत व्हते."

म्हाळूबानं तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं. दात नसल्यामुळे ते मला कळलं नाही. ठकाबाईला कळलं असावं, कारण ती फणकाऱ्यानं निघून गेली.

परीक्षेच्या सकाळी सगळ्यांचे पेशंट खुर्च्यांवर बसले. माझी खुर्ची रिकामी. शेजारी नसरीनची नानी पानदान मांडीवर घेऊन आरामात बसली होती. बाहेरगावाहून आलेले परीक्षक पांढऱ्या केसांचे, हळू बोलणारे गृहस्थ होते. ते नानीपाशी आले आणि त्यांनी तिला तोंड उघडायला सांगितलं. नानी म्हणाली, "पैले ये बोलो बेटा, तुमारे दाँतां असली हैं क्या?" सगळा हॉल हसला. परीक्षकही हसले आणि म्हणाले, "आधे." मी हसले नाही. मी दाराकडे बघत होते.

परीक्षक माझ्या खुर्चीपाशी आले. "तुमचा पेशंट?"

"येतो आहे, सर."

"कुठून?"

"नदीवरून," मी म्हणाले. त्यांनी भुवया वर केल्या आणि पुढे गेले.

तो आला तेव्हा बाकीच्यांची अर्धी कामं झाली होती. पागोट्यावर धूळ, डोळे लाल. रात्रभर आजारी मेंढरांजवळ जागला होता, पहाटे वाळूच्या ट्रकवर बसून निघाला होता आणि ट्रकवाल्यानं त्याला शहराच्या अलीकडेच उतरवलं होतं. हे त्यानं नंतर सांगितलं. तेव्हा फक्त एवढं म्हणाला, "आलो. कर काय करायचं ते."

मी मेणाचे ठोकळे त्याच्या तोंडात बसवले. जबडा मिटवला. पुढे. पुन्हा मिटवला. पुढे. मेण थंड झालं होतं, ते मऊ करायला मी शेजारच्या खोलीत गेले.  परत आले तर म्हाळूबा झोपला होता.

खुर्चीवरचा पंखा चालू होता. मेंढरांमागे गेल्यापासून पंख्याखाली बसायची त्याची बहुधा ती पहिलीच वेळ. मान मागे टेकलेली, तोंड थोडं उघडं, काठी गुडघ्यांतून घसरून जमिनीवर. त्याला उठवायला मी खांद्यावर हात ठेवला आणि तशीच थांबले. हनुवटी पुढे नव्हती. चेहरा वेगळाच दिसत होता, लांब आणि सरळ, दहा-वीस वर्षांनी तरुण. खालचा जबडा मागे पडला होता.

मी मऊ केलेलं मेण हळूच आत सरकवलं, दोन बोटं त्याच्या हनुवटीखाली धरली आणि जबडा वर आणला. मेणाला मेण लागलं. त्यानं रेटलं नाही. पुन्हा उघडून पुन्हा आणला. त्याच जागी. मी सुरीनं मधोमध खूण केली.

मागे कुणीतरी उभं होतं. परीक्षक.

"सर, मी त्यांना उठवते."

"राहू द्या. झोपू द्या त्यांना." ते वाकून बराच वेळ बघत राहिले. मग कुजबुजल्यासारखं विचारलं, "जागेपणी कुठे मिटतो?"

"पुढे येतो, सर. पुष्कळ पुढे."

"मग दात कुठल्या जागी लावणार?"

"या जागी."

"का?"

पुस्तकातलं उत्तर मला येत होतं. ते तोंडात आलंच नाही. मी म्हणाले, "जागेपणी ते कायम काहीतरी चावायला बघतात, सर. झोपेत चावायचं काही नसतं."

 त्यांनी कागदावर काही लिहिलं नाही. पुढच्या खुर्चीकडे गेले.

दुपारी मेणात लावलेले दात मी त्याच्या तोंडात बसवून दाखवले. मागचे दात एकमेकांवर बसले. म्हाळूबा तोपर्यंत जागा झाला होता, पाणी पिऊन ताजा झाला होता, आणि सगळ्या हॉलकडे बघून दात दाखवत होता.

मी पास झाले. किती गुण मिळाले ते आता आठवत नाही.

लोकांना वाटतं परीक्षा संपली की काम संपलं. खरं म्हणजे मेणातली कवळी ही कवळी नसते. ती साच्यात घालून, मेण वितळवून, त्या जागी पक्कं द्रव्य भरून उकळत्या पाण्यात शिजवावी लागते, मग घासून चकचकीत करायची. परीक्षेत हे नसतं. म्हाळूबानं विचारलं होतं, "आता घेऊन जाऊ?" मी म्हटलं, "नाही बाबा, हे उन्हात वितळेल. मी आणून देते." तो बरं म्हणाला आणि मेंढरांच्या काळजीनं भरभर निघून गेला.

आता मी अधूनमधून परीक्षक म्हणून बाहेरगावच्या कॉलेजात जाते. तिथल्या कपाटात कधीतरी जुन्या परीक्षांच्या मेणातल्या कवळ्या दिसतात. गुलाबी मेणावर धूळ बसलेली, दात तिरपे झालेले. विद्यार्थी पास होऊन गेले, पेशंट वाट बघून थकले. मी कुणाला बोलत नाही. तेवीस वर्षांच्या मुलांना परीक्षा संपल्यावर घरी जावंसं वाटतं, आणि जाऊ नये असं कुठल्या नियमात लिहिलेलं नाही. शिवाय तोंडंही बदलली आहेत. माझ्या दवाखान्यात वाळूजच्या कारखान्यांतली पाळी संपवून तरुण मुलं येतात, तिशीही न गाठलेली. त्यांचे दात असतात, पण गुटख्यानं गाल आतून असे आवळलेले की दोन बोटंसुद्धा तोंडात जात नाहीत. मी त्यांना जबडा सैल सोडा म्हणते. ते म्हणतात, "सोडला, मॅडम."

तर त्या वर्षी वसतिगृह रिकामं झालं आणि मी मागे राहिले. नसरीन रोज घरून डबा घेऊन यायची. तिच्या नानीची कवळीही शिजवायची होती. आम्ही दोघींनी साचे उकळले, घासले, पुन्हा घासले. नसरीनच्या हातून नानीचा एक पुढचा दात किंचित वाकडा राहिला होता. नानी म्हणाली, "रहने दे, मेरे असली बी ऐसेच थे."

वळवाचे एक-दोन सडाके होऊन गेले होते तेव्हा म्हाळूबा परतीच्या वाटेवर असल्याचं अण्णांनी कळवलं. आम्ही गेलो. अण्णा रस्त्यावर कुणाशी तरी बोलत थांबले, मी एकटीच बांधावरून आत गेले. आजारात काही मेंढरं गेली होती. त्याबद्दल ठकाबाई एकच वाक्य बोलली आणि मी ते इथे लिहीत नाही.

मी डबी उघडली. म्हाळूबानं हात धुतले, तोंड धुतलं, दगडावर बसला. मी कवळी बसवली. एका जागी टोचत होती, ती कानशीनं घासली. त्यानं जबडा मिटला. टक् असा आवाज आला. त्यानं पुन्हा मिटला, आवाज ऐकायला.

"बोला काहीतरी," मी म्हणाले.

"सासरा," तो म्हणाला, आणि 'स' इतका खणखणीत निघाला की तो स्वतःच दचकला. मग त्यानं 'सोमवार', 'सोयरा', 'सुगी' असं जे सुचेल ते म्हणून पाहिलं. त्यांचा कुत्रा उठून उभा राहिला आणि त्याच्याकडे बघून गुरगुरला.

"पहिले काही दिवस मऊ खा," मी बजावलं. "भात, वरण. हळूहळू सवय होईल."

ठकाबाई चुलीवर भाकरी करत होती. तिनं पहिली भाकरी उतरवली, जर्मनच्या वाडग्यात मोडली, वर दूध ओतलं आणि बोटांनी कुस्करायला लागली. भाकरी इतकी गरम होती की ती मधेच बोटं झटकत होती. कुस्करता कुस्करता माझ्याशी बोलत होती. तव्यावर दुसरी भाकरी टम्म फुगली होती.

"नको कुस्करू," म्हाळूबा म्हणाला.

तिचा हात थांबला नाही. तिनं ऐकलंच नसावं.

"आगं नको. दे इकडं ती."

त्यानं तव्यावरची भाकरी घेतली, तुकडा मोडला, वर मिरचीचा ठेचा लावला. मी सांगितलेलं एक अक्षर त्याच्या लक्षात नव्हतं. तुकडा दाढेखाली ठेवला आणि चावला. सावकाश, दोन्ही बाजूंनी. आम्ही दोघी बघत राहिलो. त्यानं गिळलं, डोळे पुसले.

"ठेचा तिखट हाये," तो म्हणाला.

ठकाबाईच्या हातात कुस्करलेल्या दूधभाकरीचं वाडगं तसंच होतं. "मंग ह्याचं काय करू?"

"कुत्र्याला घाल."

तिनं वाडगं कुत्र्यापुढे ठेवलं. परत येऊन चुलीपाशी उकिडवी बसली आणि तिसरी भाकरी थापून तव्यावर टाकली. "तू बस की जेवायला," तो म्हणाला.

"तुमचं व्हऊ द्या."

"माझं व्हतंय माझ्या हातानं."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग तिनं पिठाचा हात पदराला पुसला, तव्यावरची भाकरी उतरवून समोर घेतली, घास मोडून तोंडात घातला आणि लगेच हा-हा करत तोंड उघडलं. जीभ पोळली होती. डोळ्यांत पाणी आलं.

"लई गरम हाये वो," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून जरा ओशाळल्यासारखी हसली. "ह्यांचं कुस्करून व्हईस्तोवर माझी गार पडायची. सवयच मोडली बघ."

"थोडी थांबा मग, मावशी. निवू द्या."

"नाय," ठकाबाई म्हणाली, "असू द्या," आणि तिनं दुसरा घास मोडला.